माझ्या छातीवरचा हौद

मित्रांनो, मी उदगीरच्या एका घरावरचे जुने माळवद आहे आणि मी रागात आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या सुरात सांगावी, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. ज्या गोष्टीचा मला राग आला ती घडून बरीच वर्षे झाली, पण तो राग अजून निवलेला नाही.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. खाली जाड तुळया, त्यांवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर किलच म्हणजे बारीक काटक्या, त्यावर लिंबाचा पाला, पाल्यावर भुसा घालून मळलेला चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. पांढरी माती पाणी आत जाऊ देत नाही. दर वर्षी पावसाआधी तिचा नवा थर द्यावा लागतो. पाणी वाहून जावे म्हणून माझा उतार रस्त्याच्या बाजूला काढलेला आहे आणि तिथे एक दगडी पन्हाळ बसवलेली आहे. मलप्पा गवंड्याने मला निजामाच्या राजवटीत, तिथल्या फसली सनाच्या तेराशे चौतीस साली बांधले. शेवटचा थर दिल्यावर तो माझ्यावर आडवा झाला आणि कान लावून बराच वेळ ऐकत राहिला. त्याने काय ऐकले ते मला माहीत नाही. पण उठताना त्याने मला दोनदा थोपटले.

घर मन्मथचे. तो तहसील कचेरीत कारकून होता. त्याचे उर्दू अक्षर फार सुरेख होते आणि ते त्याला फार चांगले माहीत होते. त्याची बायको बसम्मा देगलूरकडची, पानमळेवाल्याच्या घरातली. वेलाला किती पाणी द्यायचे आणि मुळाशी किती वारा खेळू द्यायचा, हे ती चालायला लागल्यापासून बघत आली होती. लग्न होऊन ती इथे आली, तर घरापुढे रस्ता आणि घरामागे शेजाऱ्याची भिंत. तुळस लावायलासुद्धा जमीन नाही. एकदा सांडगे वाळत घालायला ती शिडीने वर आली आणि काम झाले तरी खाली गेली नाही. माझ्यावर चारी बाजूंनी फिरली. दुसऱ्या दिवशी तिने मलप्पाला बोलावून घेतले.

"मलप्पाअण्णा, हितं कुंड्या ठेवल्या तर चालतील का?"

"किती दिस ठेवायच्या हायत, अक्का? सणापुरत्या का?"

"मी हाय तवर."

मलप्पा हसला नाही. त्याने कोळशाचा तुकडा मागवला आणि माझ्यावर रेघा ओढल्या. "ह्या रेघेखाली भिंत हाय. काय ठिवायचं ते भिंतीच्या डोक्यावर ठिवा. मधी तुळईचं पोट हाय, तिथं कायबी न्हाई. कुंडीखाली तीन दगडं लावा, म्हंजी खालून वारा जातो. गवताचं एक पातं उगवू देऊ नका. आन् पन्हाळ कधी तुंबू देऊ नका. येवढं केलं तर नातवंडं हितं फुलं तोडतील."

बसम्माने एवढेच केले नाही, त्याहून अधिक केले. पहिल्या वर्षी तिने फक्त सहा कुंड्या ठेवल्या आणि पावसाळाभर पाणी कुठून येते, कुठे थांबते, ऊन कोणत्या महिन्यात कोणत्या कोपऱ्यात पोचते, हे पाहिले. शेजारणी तिला नावे ठेवू लागल्या. एवढे मोठे माळवद आणि कुंड्या सहाच. दुसऱ्या वर्षी तिने कठड्याच्या कडेने दोडका आणि घेवडा चढवला. तिसऱ्या वर्षी मोगरा, शेवंती, मरवा, पुदिना. मोगऱ्याचे रोप तिच्या वडिलांनी ओल्या फडक्यात गुंडाळून बैलगाडीने पाठवले होते. कुंड्यांत ती इथली हलकी लाल माती घाली आणि तिच्यात निम्मे शेणखत आणि भुसा मिसळी, म्हणजे मला वजन कमी. भांडी विसळलेले पाणी घागरीत साठवून वर आणी. दर चैत्रात प्रत्येक कुंडी हलवून तिच्याखालची जागा झाडी, भेग दिसली तर त्याच दिवशी लिंपी. पुढच्या तीन-चार वर्षांत काय कुठे लावायचे, जुने वेल काढून कुठली जागा मोकळी ठेवायची, हे तिच्या डोक्यात आधीच ठरलेले असे.

आणि मन्मथ? कचेरीतून आला की शिडीखाली उभा राहून म्हणे, "हे काय खूळ करून राहिलीस? वर जाऊन पाय मोडून घेशील." सात वर्षांत त्याने एक तांब्या पाणी वर आणले नाही. दोडक्याची भाजी मात्र तो दोनदा मागून घेई.

अशी सात वर्षे गेली. मग तहसिलीत नवे साहेब आले. त्यांना बागेचा फार शौक. कुणीतरी त्यांना सांगितले की तुमच्या कारकुनाच्या माळवदावर मोगरा फुलतो. एका संध्याकाळी ते खरेच आले. शिडी चढले, प्रत्येक कुंडीजवळ थांबले, मरव्याचे पान चुरगळून त्याचा वास घेतला. साहेबांना मराठी कळे, पण बोलत ते दख्खनीतच. "बाग किसने लगाया?" त्यांनी विचारले.

मन्मथने हात जोडले. "हुजूर, बंद्याचाच शौक हाय."

बसम्मा खाली शिडी धरून उभी होती. तिने ते ऐकले. मीही ऐकले. मित्रांनो, छताला तोंड नसते हे त्या माणसाचे नशीब.

साहेब म्हणाले, पावसाळ्यात पुन्हा येईन, तेव्हा गुलाब पाहायला मिळाले तर बरे. एवढे बोलणे मन्मथला पुरले. माझ्या मधोमध चुन्याचा हौद बांधायचा, त्यात कमळ सोडायचे आणि हौदाभोवती गुलाबाचे वाफे करायचे, असे त्याने ठरवले. त्याने मलप्पाला बोलावले. मलप्पाने बेत ऐकला आणि टोपी डोक्यावर ठेवली. "मालक, हे मी बांधलंय. मी मोडणार न्हाई." तो निघून गेला. मग परगावचा एक गवंडी आला. त्याने माझ्या पोटाखाली काय आहे ते एकदाही विचारले नाही.

बसम्मा आडवी आली. "मधी तुळई हाय. आन् ही काळी माती आणलीत तुमी. ती पाणी धरून ठेवती, फुगती."

"तुला काय कळतं? साहेब येणार हायेत."

"साहेब येतील आन् जातील. आपल्याला हिच्याखाली निजायचं हाय."

त्याने ऐकले नाही. काळ्या मातीच्या पाट्यांवर पाट्या माझ्यावर ओतल्या गेल्या. दगड न ठेवता, थेट अंगावर. बसम्माच्या कुंड्या ढकलून एका कोपऱ्यात कोंबल्या. त्यात मोगऱ्याची कुंडी फुटली. आणि शेवटी त्याने जे केले ते मी कधीच विसरणार नाही. पुढची भिंत नुकतीच चुन्याने रंगवली होती. पन्हाळीतून मातकट पाणी पडले तर भिंतीवर ओघळ उठतील आणि साहेबांना ते दिसतील, म्हणून त्याने पन्हाळ चिखलाने बुजवून टाकली.

त्याच दिवसांत मन्मथची बहीण उमाबाई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची खाट माजघरात होती, बरोबर माझ्या मधल्या तुळईखाली. श्रावणात तिला मुलगी झाली.

मग मघा नक्षत्रात झड लागली. तीन दिवस उघडीप नाही. हौद काठोकाठ भरला. वाफे पाणी पीत राहिले आणि मला बाहेर टाकायला वाट नव्हती. मी पाऊस वाहून न्यायला जन्मलेले छत, आणि मला तळे करून ठेवले होते. माझी मधली तुळई इंचाइंचाने वाकत होती. मी करकरले. खाली मन्मथला वाटले, शेजारी कुणी लाकूड कापत आहे.

चौथ्या दिवशी सकाळी उमाबाईने हाक मारली. "वहिनी, बाळाच्या अंगावर माती पडून राहिली."

बसम्मा चुलीपुढून उठून आली. वर पाहिले. तुळईला बोटभर रुंद चीर गेली होती. तिने आधी बाळाला उचलले, मग उमाबाईला हात दिला आणि दोघींना पुढच्या ओसरीवर नेऊन बसवले. शेजारच्या बाईला म्हणाली, मलप्पाअण्णाकडं कुणाला तरी धाडा, टेकू घेऊन या म्हणावं. मग तिने कोपऱ्यातली पहार घेतली आणि शिडीकडे गेली.

मन्मथ शेरवानीची बटणे लावत होता. साहेब त्याच दिवशी दुपारी येणार होते. पहार पाहून तो शिडीला आडवा झाला. "हौदाला हात लावायचा न्हाई. उद्या काय करायचं ते कर. आज न्हाई."

"तुमची भैन खाली निजली व्हती."

"आता न्हाई ना निजली? मग?"

बसम्माने त्याच्याकडे जसे पाहिले, तसे तिने आधी कधी पाहिले नसावे. "बाजूला व्हा," ती म्हणाली. तो बाजूला झाला.

रागाच्या भरातही तिची अक्कल ठिकाणावर होती. मन्मथसारखा माणूस असता तर हौदाच्या मधोमध घाव घातला असता आणि सगळे पाणी माझ्या पोटात ओतले असते. ती मध्ये पाऊलच टाकत नव्हती. कडेकडेने, भिंतीच्या डोक्यावरून चालत ती पन्हाळीपाशी गेली आणि गुडघे टेकून हातांनी चिखल उपसला. तिची नखे फुटली. पन्हाळ मोकळी झाली तसे पाणी पुढच्या पांढऱ्या भिंतीवरून खळखळत खाली गेले. मग एका हाताने कठडा धरून तिने हौदाच्या पन्हाळीकडे पुढे आलेल्या काठावर लांबूनच पहार मारली. चौथ्या घावाला चुना फुटला. माझ्या छातीवरून ओझे सरकू लागले आणि मला पुन्हा श्वास घेता आला.

पण तोवर उशीर झाला होता. दोन कड्या निसटल्या आणि पोतेभर चिखल माजघरात कोसळला. तो उमाबाईच्या रिकाम्या खाटेवर पडला. खाट मोडली.

मलप्पा धावत आला. त्याने सागाचे दोन टेकू तुळईला दिले आणि ते पक्के बसेपर्यंत खांदा लावून उभा राहिला.

दुपारी साहेब आले. मोडकी खाट आणि मातकट भिंत पाहून ते दारातच थांबले. मन्मथ पुढे झाला. "हुजूर, माळवदच नासकं निघालं. गवंड्यानं दगा केला."

मलप्पा तिथेच होता, खांद्याला लाकडाचा ओरखडा, अंगभर चिखल. कारकुनापुढे साहेबांसमक्ष तो काय बोलणार? त्याने मान खाली घातली. मित्रांनो, मला तीन दिवसांच्या ओझ्याने जेवढे दुखले नव्हते तेवढे त्या खाली गेलेल्या मानेने दुखले.

बसम्मा डोक्यावर पदर घेऊन दाराशी आली. हात कोपरापर्यंत माखलेले. "साहेब, माळवद चांगलं हाय. गवंडीबी चांगला हाय. मी सात वरीस वर बाग केली, खाली मातीचा कण पडला न्हाई. हौद ह्यांनी बांधला. पन्हाळ ह्यांनी बुजवली."

साहेब मन्मथकडे वळले आणि त्यांनी पहिल्या वेळचाच प्रश्न पुन्हा विचारला. "बाग किसने लगाया?"

मन्मथने मान न उचलता बसम्माकडे हात केला. साहेबांनी चहा घेतला नाही. जाताना ते मलप्पाजवळ थांबले, तुळई बदलायला किती दिवस लागतील ते विचारले आणि निघून गेले.

मन्मथ महिनाभर बायकोशी बोलला नाही. तिला त्याची फिकीर नव्हती, तिला कामे होती. काळी माती उतरवायला, हौदाचा चुना खरवडून काढायला, मलप्पाकडून तुळई बदलून घ्यायला दसरा उजाडला. नवी माती पक्की बसेपर्यंत तिने वर्षभर माझ्यावर एक कुंडी ठेवली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिने पुन्हा सहा कुंड्या आणल्या. सात वर्षांची बाग, आणि पुन्हा सहा कुंड्यांपासून सुरुवात. मोगऱ्याचे रोप मेले होते आणि ते पाठवणारे तिचे वडीलही आता नव्हते. माझा राग निवत नाही तो यासाठी.

मित्रांनो, तुमच्याही घरावर छत असेल. त्यावर बाग करावीशी वाटली तर जरूर करा, मला ती आवडते. पण आधी माझ्या पोटाखाली काय आहे ते बांधणाऱ्याला विचारा. मी कुठे भार सोसते आणि कुठे सोसत नाही, ते शिकून घ्या. पाण्याला वाट ठेवा. आणि पाहुण्याने वाहवा करावी म्हणून माझ्यावर काही लादू नका. पाहुणा तासाभरात जातो. माझ्याखाली बाळे निजलेली असतात.

आज माझ्यावर पुन्हा दोडका आहे, शेवंती आहे आणि कुणीतरी दिलेला नवा मोगरा आहे. मन्मथने कधी चूक कबूल केली नाही. पण अलीकडे संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तो शिडीखाली येऊन उभा राहतो आणि हळूच विचारतो, "वर येऊ का?"

बसम्मा कुंडीतले गवत उपटत असते. कधी म्हणते, "या." कधी वर न पाहता म्हणते, "आज न्हाई."

आणि तो शिडीपासून मागे फिरतो.