पाठकोरा बायोडाटा

वसुमतीच्या अण्णांना जाऊन चार महिने झाले होते आणि आप्पाजी काकांना घाई झाली होती. वडील गेल्यावर वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही घरातली रीत. वसुमतीनं काकांना एवढंच सांगितलं होतं, "आधी नोकरी लागली, तर लग्न कधी करायचं ते मी ठरवणार."

"सरी," काका कानडीत म्हणाले होते, "बरं, लागू दे की." लागणार नाही याची त्यांना खात्री होती.

काकांनी जयनगरच्या टायपिस्टाकडून दोन बायोडाटा एकदमच करून आणले, एक लग्नाचा, एक नोकरीचा. पाकिटं दोन्ही खाकी.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीला जुनी कागदी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर चढवायला शिकाऊ मुलं हवी होती. 'थेट येऊन भेटा,' असं जाहिरातीत होतं. वसुमती पोचली तेव्हा रांग फाटकाबाहेर आली होती. आत टेबलाशी एक चष्मेवाले साहेब बायोडाटा घेत, ओझरतं बघत आणि डावीकडच्या गठ्ठ्यावर टाकत. "पोस्टानं कळवू." उजवीकडचा गठ्ठा अगदीच बारीक होता.

टेबल जवळ आल्यावर तिनं पाकीट उघडलं. वर्ण निमगोरा. स्वयंपाक व शिवणात निपुण. अपेक्षा: सुस्वभावी, स्थिरस्थावर मुलगा. वडिलांच्या नावाआधी 'लेट'. तो शब्द त्या नावापाशी टाइप केलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला.

पुढची मुलगी, नागपूरची अंजली, मागे वळून डोकावली. "काय गं, इथं नवरा पाहायला आली का तू?"

"तुझी फाइल दे. आणि पेन्सिलही."

"आता लिहिणार?"

"कागद पाठकोरा आहे."

घरी जाऊन यायचं तर रांगच संपली असती. वसुमतीनं फाइलवर कागद उलटा ठेवला, बसच्या पासाची कड लावून फिक्या रेघा मारल्या आणि त्यांच्यामध्ये उभी, सुटी अक्षरं काढायला लागली. अण्णा यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तिला ही अक्षरं शिकवली होती. "घाई केलीस की अक्षर चुगली करतं," म्हणायचे. काय शिकली, कुठली ड्रॉइंग वाचता येतात, एवढंच तिनं लिहिलं. मोठमोठे उद्देश टायपिस्टानं घातले होते, ते तिला आठवतही नव्हते.

साहेबांच्या हाती कागद आला तो सुलटा. वाचता वाचता त्यांची मिशी हलली. "आमच्याकडे लग्नाचं खातं नाही, अम्मा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"ती बाजू माझ्या काकांची आहे, सर," वसुमती म्हणाली. "माझी मागची."

त्यांनी कागद उलटला. या वेळी त्यांची नजर लगेच हलली नाही.

"स्टेन्सिल लावली होती?"

"नाही. हातानं लिहिलंय. रांगेत उभ्या उभ्या."

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला, वडिलांच्या नावाआधीचा 'लेट' वाचला. खणातून एक पिवळं पडलेलं ड्रॉइंग काढून तिच्यापुढे सरकवलं. "हे काय आहे?"

"पंपाचं झाकण. मधोमध कापून दाखवलंय. इथलं माप पुसलंय, पण बाजूच्या दोन मापांवरून काढता येईल." तिनं ते काढूनही दाखवलं.

"सोमवारी या. सहा महिने शिकाऊ म्हणून." कागद उजवीकडच्या गठ्ठ्यावर गेला.

"सर, ती पुढची बाजू..."

"असू दे. आम्ही मागचीच वाचू."

घरी काका दारातच उभे होते. "पाकिटं बदलली की ग! मल्लेश्वरमला मुलाच्या आईनं मोठ्यानं वाचलं, 'पाळीत काम करण्यास तयार.' मान खाली घालून आलो मी."

"मी तयारच आहे, काका. सोमवारपासून."

काकांनी विचारलं, "त्या कागदावर? काय बघितलं त्यांनी त्यात?"

"अण्णांचं अक्षर."

काकांनी खुंटीवर टोपी टांगली. ती नीट बसली होती, तरी पुन्हा सारखी केली.

"सरी," ते म्हणाले. "लागली की."