फान वैद्यांच्या मुलीची नाडी

चीनमधल्या सुचौ शहरात, कालव्याकाठी फान वैद्यांचा दवाखाना होता. छातीतली धडधड, उगाच वाटणारी भीती, उडालेली झोप, असली दुखणी घेऊन लोक लांबून येत. वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवत आणि हळूच विचारत, "मनात काय अडकलंय? सांगून टाक." माणसं भडाभडा बोलत, रडत आणि हलकी होऊन जात.

पुड्या बांधायला त्यांची मुलगी रोंग. तरुणपणी तिला छिंगताओला, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत नोकरी लागली होती. ती रुजू झाली आणि इकडे वैद्यांनी अंथरूण धरलं. ती धावत परत आली, तसे आठवड्यात ते खडखडीत बरे झाले. तिच्या जाण्याचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. आता तिची चाळिशी उलटली होती. रोज सकाळी दवाखान्याचं शटर वर ढकलताना तिचं काळीज धडधडायचं.

एका दुपारी तिच्या हातून ज्येष्ठमधाचा खण निसटला. ती तिथेच मटकन बसली. श्वास पुरत नव्हता. बाकावरच्या तुंगमावशी ओरडल्या, "अहो वैद्य, जगाच्या नाड्या बघता, घरच्या पोरीची कधी बघितलीत का?"

वैद्य ओशाळले. चारचौघांदेखत त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. "तार ताणल्यासारखी लागतेय. यकृतातली ऊर्जा तुंबलीय." मग सवयीने म्हणाले, "मनात काय अडकलंय, बाळ?"

"हा दवाखाना," रोंग म्हणाली. "आणि तुम्ही, बाबा. तेव्हा तुम्ही आजारी नव्हतातच."

वैद्यांची बोटं क्षणभर घट्ट झाली. मग ते लोकांकडे वळून हसले. "बघितलंत? तुंबलेला राग असा बाहेर पडतो. ही नाही बोलत, हिचा आजार बोलतोय."

त्यांनी औषध सांगितलं. रोंगने स्वतःच ते तोललं, आंबट बोरांच्या बिया कुटल्या, काढा उकळला आणि ती तो प्यायली.

औषध लागू पडलं. धडधड थांबली, गाढ झोप येऊ लागली. अधूनमधून फोनवर छिंगताओच्या गाड्यांच्या वेळा बघायची तिला खोड होती, तीही सुटली. हे लक्षात आलं त्या दिवशी तिने उरलेला काढा मोरीत ओतला. दोन-तीन दिवसांत छाती पुन्हा धडधडू लागली, तेव्हा मुकाट्याने नवा उकळायला ठेवला.

हल्ली एखादा नवा रोगी बिचकला, की वैद्य काउंटरकडे बोट दाखवतात. "माझी पोटची पोर. विचारा तिलाच."

"गुण येतो," रोंग म्हणते आणि पुढची पुडी बांधायला घेते.