पुन्हा तीच मुलाखत

बाबा न्यायाधीश होते तेव्हा वकील त्यांना मागून ‘कुलूप’ म्हणायचे. खटल्याबद्दल ते घरी अवाक्षर काढायचे नाहीत. लग्नाला होकारसुद्धा यांनी तीन तारखा देऊन मग दिला, असं आई सांगायची आणि बाबा पेपरामागे हसायचे. निवृत्तीनंतर त्यांची स्मरणशक्ती जायला लागली, तसं हे कुलूप आपोआप सैल झालं.

त्यांची मुलगी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायची, तेही कंत्राटावर. लोकमताचा न्यायाधीशांवर दबाव पडतो का, हा तिच्या संशोधनाचा विषय. ज्या खटल्यांवर पेपरवाल्यांनी रान उठवलं त्यांत शिक्षा जास्त कडक झाल्या, हे तिनं आकड्यांनी दाखवलं होतं. पण आकड्यांवरून न्यायाधीशाच्या मनातलं कळत नाही, असं सांगून तिचा लेख परत आला होता. न्यायाधीशांनी स्वतः बोलायला हवं होतं, आणि एकही जण ताकास तूर लागू देत नव्हता.

एका संध्याकाळी चहा पिताना बाबा आपणहून बोलायला लागले. शाळेची बस कालव्यात पडली होती, मुलं गेली होती. ब्रेक आधीपासून निकामी होते आणि मालकाच्या कानावर ते घातलं होतं, अशी साक्ष गॅरेजवाल्यानं त्यांच्यासमोर दिली होती. तरी त्यांनी ड्रायव्हरला दहा वर्षं दिली.

“कोर्टाच्या खिडकीतून बाहेर जमलेली माणसं दिसत होती,” बाबा म्हणाले. “त्याला सोडला असता, तर कोर्टावर कुणाचा विश्वास राहिला नसता.” मग त्यांनी विचारलं, “त्याचं पुढे काय झालं गं?”

तो तुरुंगातच वारला, असं मुलीनं सांगितलं. खरंच होतं ते. बाबांनी कप खाली ठेवला आणि ते हमसून हमसून रडायला लागले. तिनं त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. फोनवरचं रेकॉर्डिंग तिनं मघाशीच सुरू केलं होतं.

सकाळी बाबांना यातलं काही आठवत नव्हतं.

तिच्या मार्गदर्शक बाई ऐकून खूश झाल्या, पण अडचणही त्यांनीच काढली. स्मरणशक्ती गेलेल्या माणसाचं एकदाचं बोलणं कोण खरं मानणार? काही दिवसांच्या अंतरानं तेच पुन्हा विचार, असं त्या म्हणाल्या. दर वेळी तेच उत्तर आलं, तर लेखाला कुणी नावं ठेवणार नाही.

मग ती दर आठवड्याला विचारू लागली. आधी संमतीचा कागद पुढे करायची. विद्यापीठाचं काम आहे म्हटल्यावर बाबा चष्मा पुसायचे, कागद वाचायचे आणि वळणदार सही करायचे. लेकीच्या उपयोगी पडतोय म्हणून त्यांना कोण आनंद व्हायचा. मग गॅरेजवाला, खिडकी, माणसं. आणि शेवटी तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. त्यांच्यासाठी तो ड्रायव्हर दर आठवड्याला नव्यानं मरत होता. पुढे पुढे मुलीच्या लक्षात आलं, की आपण त्या रडण्याची वाट पाहतोय. ते ठरल्या जागी आलं की तिला हायसं वाटायचं.

आईनं एकदा तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि आता पुरे म्हणाली.

“अगं, सकाळी त्यांना काही आठवत नाही,” मुलगी म्हणाली.

“मला आठवतं,” आई म्हणाली.

तरी त्यानंतरही मुलाखती झाल्या. लेख छापून आला आणि गाजला. एका परिषदेत तर बाबांचं वाक्य, नाव न सांगता, पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं गेलं. मुलीनं मुलाखती थांबवल्या.

बाबांच्या थांबल्या नाहीत. बस, कालवा, गॅरेजवाला, सगळं डोक्यातून गेलं, पण आपल्या हातून काहीतरी वाईट झालंय एवढं आत राहिलं. संध्याकाळ झाली की ते इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि येईल त्याला विचारायचे, मी काय केलं? काही नाही, असं आई सांगायची. त्यांना ते पटायचं नाही. खोटी साक्ष ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता.

शेवटी आईनंच मुलीला बोलावून घेतलं. मुलगी बाबांसमोर बसली आणि तिनं त्यांना बसच्या खटल्याची आठवण करून दिली. बाबांनी विचारायच्या आतच म्हणाली, “तो सुटला, बाबा.”

बाबांचा चेहरा उजळला. “कुणी सोडवलं?”

“वरच्या कोर्टानं.”

बाबा विचारात पडले. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“माझा निकाल वर कधीच फिरला नाही,” ते म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा ताठ झाला होता. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

मुलगी उठली. पुढे त्याच लेखाच्या जोरावर तिला दुसऱ्या शहरात कायमची नोकरी लागली. ती दर रविवारी फोन करते. बाबा झोपलेत, असं आई सांगते, आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.