बेसबिरचा दगड

माझ्या लेकीच्या, जुपारच्या कानांत सोयरीक ठरल्याचे सासरचे झुमके घातले आणि त्याच जेवणात म्हातारीने माशी शिंकवली. म्हातारी म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाची, सानजारची आजी. आमचे हे आपले सात पिढ्यांचे बाप घडाघडा म्हणून दाखवत होते. पाचवा कुलबाय, सहावा बेसबिर, सातवा आल्तीबाय. मग आठवा जौमबाय म्हटल्यावर समोरून व्याही तुलेगेन हसले.

"घ्या, आमचाही आठवा जौमबायच."

आठवा चालतो. सात बाप वेगळे असले की मुलगा-मुलगी परकी. सातांत एक जरी सामाईक निघाला तर ती भावंडं, आणि त्यांचं लग्न आमच्या आदाय लोकांत कुणी तोंडावरही आणत नाही. काठावर का होईना, आम्ही वाचलो होतो. माझा श्वास सुटतोय तोच म्हातारी ह्यांना म्हणाली, "कुआनिश, ते बेसबिर नाव भलतंच आहे रे. त्याच्या कबरीचा दगड कुणी पाहिलाय?"

कुणीच पाहिला नव्हता. ह्यांनी ते नाव लहानपणी आपल्या आजीकडून पाठ केलेलं.

झालं, दुसऱ्याच दिवशी तो दगड शोधायला व्याह्यांच्या जीपमधून कारातोबेला निघालो. जुपार दारात उभी होती. "आई, मी झुमके काढणार नाही. आत्ताच सांगते," म्हणाली. मी तिला गप्प बस म्हटलं. वाटभर हे मात्र व्याह्यांशी घोड्यांच्या गप्पा मारत होते. पुरुषांना कसं जमतं कोण जाणे.

कारातोबेची दफनभूमी एवढीशी, माळावर एकटी. बायकांनी आत जायचं नाही, म्हणून मी आणि विहीणबाई बालजान भिंतीबाहेर चादर अंथरून बसलो. आत दोघे पुरुष पडलेले दगड उलथत होते, अक्षरांतली माती खरवडत होते. जुनी लिपी व्याह्यांना येते. त्यांचा आवाज आला की मी उठून भिंतीपाशी जायचे.

"जौमबायचा मुलगा आल्तीबाय. सापडला."

मग, "हा कुलबाय. पण बापाचं नाव झडलंय."

"मग तो बापच शोधा ना," मी भिंतीवरून ओरडले.

"बघतोय, बघतोय. तू काय बाहेर बसून दगड मोजतेस?" हे खेकसले.

सगळे दगड पाहून झाले. बेसबिर नव्हता.

"दुष्काळात माणसं तुर्कमेनांकडे पळाली," ह्यांचा आवाज आला. "वाटेत गेला असेल. दगड कोण रोवणार?"

"खरंय," व्याही म्हणाले. "माझ्या चुलत आजोबांचा तरी कुठे आहे? दगड नाही म्हणून माणूसच नव्हता असं थोडंच होतं? मी समजावतो आमच्या म्हातारीला."

मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. पूर्वजांच्या नावाने सात शेल्पेक पोळ्या तळून आणल्या होत्या, त्या मी फडक्यावर मांडायला घेतल्या.

"बिर, एकी, उश, तोर्त, बेस, बेस-बिर..."

हात तिथेच थांबला.

आमच्या घरातल्या सुना सहाला आल्ती म्हणत नाहीत. पाच-एक म्हणतात, बेस-बिर. सासू तसंच मोजायची, तिची सासूही. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं आणि कुणाच्या तरी नावात तो आकडा असणार, एवढं मला ठाऊक होतं. कुणाच्या, ते मी कधी विचारलं नाही. आल्तीबायच्या. सुनांनी त्याला बेसबिर म्हटलं, पुरुषांनी आल्तीबाय, आणि कुणीतरी दोन्ही नावं एकाखाली एक लावून दिली. एकाच माणसाला आम्ही दोनदा मोजत होतो. एक कमी केला की जौमबाय आठवा राहत नाही, सातवा होतो, आणि पोरं भावंडं ठरतात.

बालजान माझ्याकडे बघत होती.

"माझ्या सासऱ्यांच्या नावात मेंढीचं पोर आहे," ती हळूच म्हणाली. "त्याचा खरा शब्द मी अजून उच्चारत नाही." मग तिने उरलेली शेल्पेक स्वतःच मांडली. "तुम्ही मोजलं नाहीत, मी ऐकलं नाही. सानजार रात्र-रात्र झोपत नाही हो."

तिला मिठी मारावीशी वाटली. सुनांखेरीज हे कळणार होतं कुणाला? पण उद्या जुपारला लेकरू झालं, ते जरा कण्हलं, आणि मी पोळ्या मोजायला बसले, की ते बेस-बिर तोंडात येणारच, आणि भावंडांचं लेकरू म्हणूनच कण्हतंय असं वाटणारच. पुरुष हात धुऊन बाहेर आले. ह्यांनी दुवेसाठी तळवे उघडले, एकेक नाव घेतलं. बेसबिरचं नाव घेताना आवाज भरून आला त्यांचा. दुवा संपते न संपते तोच फोन वाजला.

"आई, लवकर सांग," जुपार म्हणाली. "वेगळे बाप किती निघाले?"

बालजानने माझा हात घट्ट धरला. ह्यांनी शेल्पेक तोडून व्याह्यांपुढे केली होती.

"आल्ती," मी म्हणाले.

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.