पिरॅमिडच्या आधी जेवण

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमचे बाबा पिरॅमिडसमोर उभे आहेत, फोनवर दिसत आहेत, पण फोन मात्र दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे. किती चुळबुळ होईल जिवाची!

अकोल्याच्या जुईलीचं तसंच झालं. तिचे बाबा कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी इजिप्तला गेले होते. शेवटची बैठक संपल्यावर ते मुद्दाम तिच्यासाठी पिरॅमिडपाशी गेले आणि त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला.

"लवकर पाहा, बॅटरी संपून राहिली!"

पण आपल्याकडे परगावी गेलेल्या माणसाला आधी काय विचारतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"जेवला का रे?" आजोबांनी विचारलं.

"जेवलो, अण्णा."

"काय जेवला?" विमलआत्याने फोन ओढला. "भाकर भेटते का तिथं? किती वाळला रे दादा!"

"आत्या, मले पिरॅमिड पाहू दे नं!"

"थांब वं. तो काही पळून नाही चालला."

तेवढ्यात शेजारच्या आमिनाचाची डोकावल्या. "भाईजान, चहा तरी ढंगाचा मिळते का?"

जुईली या पायावरून त्या पायावर नाचत होती. अखेर फोन तिच्या हाती आला. पडद्यावर बाबांचा घामेजलेला चेहरा तेवढा मावला होता.

"जुईली," बाबा म्हणाले, "तू जेवली का?"

जुईलीने फोन घट्ट धरला, गच्चीकडे धूम ठोकली आणि जिन्यातूनच ओरडली, "जेवली! आता सरका नं बाबा, बाजूले व्हा!"