कुऱ्हाडीचं पाणी

पाचरबाईंनी कुऱ्हाडीच्या धारेवरून कानस ओढली आणि त्यांचा हात जागीच थांबला. कडक धारेवरून कानस घसरायला हवी. ही घुसली. पांढरा कीस त्यांच्या लुगड्यावर सांडला.

"कोणी भाजली ही?"

दारातल्या स्टुलावर बसलेला धाकटा भाऊ चपापला. "भाजली कशाला? मोडका दांडा पात्याच्या भोकात, नेढ्यात अडकून बसला होता. निघेना, म्हणून शेकोटीत टाकून जाळून काढला."

"दातात काही अडकलं तर डोकं भट्टीत घालतोस का रे? पाणी उतरवलंस तिचं! आता पावाचा तुकडा कापील, लाकूड नाही."

 अकरा वर्षांनी भाऊ या दारात आला होता. वडील, म्हणजे अण्णा, गेले तेव्हा त्यांची हीच कुऱ्हाड घट्ट धरून तो म्हणाला होता, "बाईमाणसाला कशाला हवी?" पाचरबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, आणि त्याच्याशी तर पुढेही बोलल्या नाहीत. मात्र तिथून त्यांना नाद लागला. भंगारातून, बंद पडलेल्या वखारीतून, कुणाच्या माळ्यावरून त्या जुन्या कुऱ्हाडी आणत. गंज उतरवायचा, दांडा घालायचा, पाचर ठोकायची. पाचर ठोकण्यात हात बसलेला आणि बोलण्यात जीभ, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. भिंतीवर त्रेचाळीस कुऱ्हाडी होत्या. हवी होती ती एकच नव्हती.

"नीट होईल?" भावाने विचारलं. "तुझ्या त्या भिंतीसारखी शोभेची नको मला. अण्णांच्या हातात चालायची तशी चालली पाहिजे."

"पुन्हा तापवून विझवावी लागेल. एकदा भाजलेलं जुनं पातं आहे. तडकू शकतं."

"जमत नसेल तर सांग."

मागे उभी असलेली सूनबाई मनात म्हणाली, झालं, आता आई ऐकायच्या नाहीत.

"भट्टी पेटव गं," पाचरबाई म्हणाल्या.

मागच्या पडवीत सूनबाईने भट्टीचा पंखा फिरवायला घेतला. लोखंडाचा रंग नीट दिसावा म्हणून पाचरबाईंनी खिडकीवर पोतं टाकलं. भट्टीशेजारी त्यांनी तेलाचा डबा कोमट करून ठेवला.

"हे कशाला?" भाऊ म्हणाला.

"विझवायला."

"तेलात? अण्णा बादलीत बुडवायचे. धारेला पाणी देतात म्हणतात गं ताई, तेल देतात असं कधी ऐकलं नाही मी."

तेल सबुरीनं निववतं, पाणी एकदम आवळतं, हे पाचरबाईंना ठाऊक होतं. भाजलेल्या जुन्या पात्याला त्यांनी कधी पाणी दाखवलं नव्हतं. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण अण्णांचं नाव निघालं होतं, आणि ते त्याच्या तोंडून.

"अण्णा कसे बुडवायचे ते मला शिकवतोस? मी पंखा मारत होते तेव्हा तू पाळण्यात होतास. सूनबाई, बादली आण."

"आई, तेल..."

"बादली आण म्हटलं ना!"

पातं तांबडं झालं, मग डाळिंबी. पाचरबाईंनी लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं, सुटलं. पंख्याची घरघर तेवढी चालू होती. पुन्हा लावलं. चिकटलं नाही, म्हणजे पातं पुरतं तापलं. त्यांनी सांडशीत पातं धरलं आणि धारेकडून बादलीत उतरवलं.

पाणी फुसकारलं, वाफ वर आली, आणि वाफेच्या आतून आवाज आला.

टिक.

नखाने काच वाजवावी एवढाच. सूनबाईचा हात पंख्यावर थबकला. तिने सासूकडे पाहिलं. पाचरबाई बादलीकडेच बघत होत्या.

"झालं?" भावाने विचारलं. त्याचा डावा कान गेला होता, उजवा जायच्या वाटेवर होता.

पातं निवल्यावर त्याने स्वतःच कानस ओढून पाहिली. सर्रकन घसरली. "अगं ताई! मानलं तुला! उद्याच मागचं वाळलेलं झाड आडवं करतो."

आजवर पाचरबाईंच्या हातून एकही पातं फुटलं नव्हतं. गल्लीत, बाजारात, भंगारवाल्याकडे, सगळीकडे त्यांनी हे वाजवून सांगितलेलं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. आवाज ऐकणारी दुसरी घरचीच होती, आणि ती जन्मात तोंड उघडणार नव्हती.

"दे इकडे," पाचरबाई म्हणाल्या.

त्यांनी पातं रॉकेलने पुसलं, कोरडं केलं, खडूची भुकटी चोळली आणि ते उजेडात धरलं. "बघ."

पांढऱ्या भुकटीवर हळूहळू आत मुरलेल्या रॉकेलची एक ओली रेघ उमटली. केसाएवढी. धारेपासून निघून नेढ्याच्या दिशेने गेलेली.

"फुटली. लाकडावर मारलीस की तुकडा उडेल. पायच जाईल तुझा."

भाऊ रेघेकडे बघत राहिला. "मीच आधी जाळली होती..."

"जाळलीस तू, फोडली मी. माझ्या चुकीतलं वाटून घेऊ नकोस. तेलात घालायची होती, मला ठाऊक होतं."

 मग भाऊ खाली बघत म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच. तुझ्या भिंतीवर."

"धड होती तेव्हा दिली नाहीस, फुटकी झाल्यावर देतोस होय रे?"

तो ओशाळून उठला आणि पातं फडक्यात गुंडाळायला लागला. पाचरबाईंनी ते फडकं त्याच्या हातून काढून घेतलं.

"असं नुसतं पातं नाही न्यायचं. माहेरची वस्तू आहे, माझ्या दारातून दांड्याशिवाय जायची नाही."

कोपऱ्यातलं चांगलं मुरलेलं लाकूड त्यांनी निवडलं. "हात लांब कर."

"आता कशाला माप? चालवायची तर नाही ना?"

"कर म्हणते ना."

भावाने हात पुढे केला. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत, असं दांड्याचं माप. पाचरबाईंनी लाकूड त्याच्या काखेत टेकवलं. हात थरथरत होता. त्यांनी आपला हात खालून लावून तो धरला आणि थरथर थांबेपर्यंत पेन्सिल टेकवली नाही.