एका पत्त्यावरचे दोघे

कोर्टाचा निकाल दुपारपर्यंत लागणार होता आणि चष्म्याच्या दुकानात धाकटी सकाळपासून एकच शोकेस पुसत बसली होती. धाकटी हे तिचं सासरचं नाव. दोन भावांच्या घरात धाकट्याची बायको म्हणून आली तेव्हा ते चिकटलं. आता केस पांढरे झाले तरी त्यात बढती नाही.

थोरले दीर नगराध्यक्षपदाला उभे होते. दुकानाचा गाळा त्यांच्या मालकीचा. भाडं नावापुरतं आणि करार तोंडी. म्हणजे थोरल्यांची मर्जी आहे तोवर दुकान. आणि या बाईने, दिवसाढवळ्या, शुद्धीवर असताना, थोरल्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या उमेदवाराला देणगी दिली होती.

ती उमेदवार म्हणजे सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. सगळं शहर तिला सिस्टर म्हणायचं. दवाखान्यातला डोळ्यांचा फुकट वॉर्ड बंद करून ती जागा एका कंपनीला द्यायची, असं थोरल्यांनी ठरवलेलं; वॉर्ड हलू देणार नाही, असं सिस्टर म्हणत होती. वॉर्डातून चिठ्ठी घेऊन आलेली माणसं धाकटीच्या काउंटरला रोज हात टेकून उभी राहायची. वॉर्ड गेला तर ही माणसं कुठे जाणार, हे थोरल्यांना कोणी विचारत नव्हतं. ती स्वतःही विचारत नव्हती. त्यांच्यापुढे ब्र काढायची तिची छाती नव्हती, म्हणून तिने गुपचूप पैसे दिले.

कायद्याने एक मर्यादा घातली होती. तिच्या आत देणगी दिली तर देणाऱ्याचं नाव जाहीर होत नाही. धाकटी जेमतेम आत राहिली आणि निर्धास्त झाली. पण थोरले स्वस्थ बसणारे थोडेच! सिस्टरच्या मागे कोण आहे ते कळलंच पाहिजे म्हणून ते कोर्टात गेले. खालचं कोर्ट नाही म्हणालं, मग वरच्या कोर्टात. त्या दिवसापासून धाकटीला अन्न गोड लागत नव्हतं.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. भावाने पूर्व म्हटलं की याने पश्चिमेचं नाव घेऊ नये, असा तो माणूस. आताही तो आतल्या खोलीत मशीनवर काच घासत होता आणि भावाच्या काळजीने त्याचा चेहरा उतरला होता. निदान तिला तरी तसं वाटलं.

चष्म्याची सैल दांडी आवळून घ्यायला शेजारचे वकील आले तेव्हा तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, आजच्या निकालात काय काय होऊ शकतं?"

"दोन मागण्या आहेत," वकील म्हणाले. "पहिली, मर्यादाच रद्द करा, म्हणजे रुपया दिला तरी नाव बाहेर. दुसरी, एका पत्त्यावरच्या सगळ्या देणग्या एकत्र मोजा. नवरा, बायको, मुलं रक्कम वाटून देतात आणि मर्यादेआड लपतात, असं तुमच्या दिरांचं म्हणणं."

"आणि पहिली मान्य झाली तर?"

"तर मग सगळेच उघडे पडतील."

धाकटी स्क्रू उलटाच पिळत राहिली, तेव्हा वकिलांनी चष्मा काढून घेतला आणि दांडी स्वतःच आवळली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले. तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

"लागला निकाल," ते म्हणाले. "पहिली मागणी फेटाळली. दुसरी मान्य. यादी आज पाचला निवडणूक कार्यालयाच्या साइटवर. ज्यांची बेरीज मर्यादेबाहेर जाते, त्यांना त्याआधी एक देणगी परत घेता येईल."

धाकटीला वाटलं, उठून वकिलांच्या पाया पडावं. तिच्या पत्त्यावर देणगी एकच, तीही मर्यादेत. सुटली होती ती! वकील गेल्यावर तिने आठवड्यात पहिल्यांदाच चहात साखर घातली आणि कप घेऊन आत गेली.

नवरा मशीन बंद करून बसला होता. डाव्या डोळ्याची काच त्याने फ्रेमच्या उजव्या घरात बसवून ठेवली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"ऐकलंस ना वकिलांचं?" तो म्हणाला. "मी काही आता जगत नाही."

"का? भावोजी जिंकले की."

"मी सिस्टरना पैसे दिलेत. मर्यादेत दिलेत, पण आता पत्त्यावरची बेरीज..." तो थांबला. "तसा मी एकटाच आहे म्हणा. एकाच देणगीची बेरीज ती काय होणार? पण भीती जात नाही गं."

धाकटीच्या हातातला चहा बशीत सांडला. "अहो," ती म्हणाली, "मीपण दिलेत."

मग दोघं भांडली. आवाज चढवायची सोय नव्हती, म्हणून कुजबुजत भांडली, आणि तसं भांडण फार वाईट.

"मला सांगायचं नाही?"

"तुला? तू दादाच्या सभेला पहिल्या रांगेत बसली होतीस!"

"तुम्हीच म्हणालात, पुढे बस म्हणजे दिसशील!"

"बरं, तू घे परत."

"मी का? तुम्ही घ्या."

"मीच घेतो," तो म्हणाला. "परत मागणाऱ्याचं नाव दादाच्या कानावर गेलंच, तर तुला तो म्हणेल, परक्या घरून आलेली. माझं गेलं तर सख्खा भाऊ आहे मी." हे म्हणताना त्याचे ओठ कोरडे पडले होते. तिचा सगळा राग तिथल्या तिथे विरला.

त्याने सिस्टरच्या कार्यालयाला फोन लावला. लागेना. शहरातली निम्मी जोडपी त्या वेळी हेच करत असावीत. 'फोन करा' एवढाच मेसेज टाकून तो बाहेर येतो तोच दारात थोरले उभे.

"अरे, चष्म्यावर बसलो!" थोरले मोडका चष्मा नाचवत म्हणाले. "आनंदाच्या भरात! पाचला यादी येतेय, मला एकेक नाव स्वतः वाचायचंय. नंबर आहे ना तुझ्याकडे? दे पटकन करून."

"देतो दादा," म्हणून नवरा आत गेला. जाताना फोन काउंटरवरच विसरला.

थोरले खुर्चीत ऐसपैस बसले. "धाकटे, लोक तोंडावर हात जोडतात आणि पाठीमागे तिला पैसे देतात. माझ्या गाळ्यांत धंदा करणारेसुद्धा असतील बघ त्यात. सापडू दे, पहिल्या तारखेला कुलूप." मग आवाज मऊ करून म्हणाले, "घरचे तरी आपले आहेत, एवढंच समाधान."

तेवढ्यात काउंटरवरचा फोन थरथरला. पडद्यावर ठसठशीत अक्षरं: सिस्टर कार्यालय. तिने पदर टाकल्यासारखा हात टाकून तो झाकला, उचलला आणि आत नेऊन नवऱ्यापुढे धरला.

"बोला लवकर. परत घ्या म्हणावं."

त्याने फोनकडे पाहिलं. फोन वाजत राहिला. "उद्या त्या वॉर्डातलं कोणी चिठ्ठी घेऊन आलं," तो हळूच म्हणाला, "तर मी त्याच्याकडे वर मान करून बघायचं कसं?"

"आणि दुकान?"

"तू सांग. तू म्हणशील तसं."

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. दुकान गेलं तर या वयात नवा गाळा कुठे, भाडं कुठून, काहीच सुचत नव्हतं. तिने फोन बंद केला आणि उपडा ठेवला.

नवऱ्याने नवा चष्मा बाहेर आणला, भावाच्या नाकावर बसवला, दांड्या कानामागे नीट केल्या. तसाच वाकलेला असताना म्हणाला, "दादा, यादीत आमचं नाव आहे. दोघांचं."

थोरले हसले. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि हसू गेलं.

"दोघांनी मिळून ठरवलंत?"

"नाही रे. ठरवलं असतं तर एकानेच दिले असते. एकमेकांना ठाऊकच नव्हतं. तुझा खटला नसता तर आम्हालाही कळलं नसतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. थोरले उठले. ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"चष्म्याचे किती झाले?"

थोरल्यांच्या घरातले सगळे चष्मे याच दुकानातले. वहिनींचा, मुलांचा, थोरल्यांच्या सासऱ्यांचासुद्धा. कधी कोणी किंमत विचारली नव्हती, आणि विचारली असती तर नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं असतं. आता धाकटीनेच आकडा सांगितला. थोरल्यांनी नोटा काउंटरवर ठेवल्या, वरचे सुटे परत येईपर्यंत उभे राहिले, ते खिशात टाकले आणि दार ओढून घेऊन गेले.

नवरा स्टुलावर मटकन बसला. धाकटी गाळ्याचं काय होणार, यादीनंतर कोण कोण फोन करेल, याचा विचार करत होती. त्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तो काउंटरवरच्या नोटांकडे बघत होता.

"दादाने पैसे दिले गं," तो म्हणाला.